गावदप्तर आणि नकाशा यांची सांगड



पूर्व विदर्भातील खेड्यांच्या महसुली दप्तरात दोन कागदांना विशेष महत्त्व आहे. एक निस्तार पत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. गुरे कोठे चारावीत, सरपण कोठून आणावे, याची नोंद निस्तार पत्रकात होते. खासगी जमिनीतील वा तलावातील पाणी, येण्याजाण्याची वाट आणि मासेमारी यांविषयीच्या रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदविल्या जातात. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. तेथे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि गावाची सामायिक जमीन शासनाकडे आली. त्या जमिनीवरील रयतेचे हक्क या कागदांनी जपले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ व १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. वनहक्क कायदा, २००६ मध्येही निस्तार हक्काला सामूहिक हक्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

अडचण कोठे आहे ?

कागदावर हक्क आहे. परंतु जागा दाखवावयाची वेळ आली की अडचण उभी राहते. तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या बपेरा गावाचे उदाहरण घ्यावे. अशा गावाच्या नोंदीत केवळ क्रमांक आणि क्षेत्र असते, तर नकाशा निराळ्या दप्तरात असतो. जमिनींचे एकत्रीकरण झालेल्या गावात जुना खसरा क्रमांक जाऊन गट क्रमांक आलेला असतो. चराईची जागा वा तलावाचा काठ हळूहळू नांगराखाली गेला, तर ग्रामसभेला तो ओळखून दाखविता आला पाहिजे. अन्यथा नोंद शाबूत राहते आणि जमीन मात्र हातची जाते.

मुक्तस्रोत साधनांचे साहाय्य

ही सांगड घालणारी संगणकीय साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्याने त्यांना मुक्तस्रोत म्हणतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘क्यूजीआयएस’ या साधनात जुन्या गावनकाशाचे छायाचित्र घेऊन, त्यावरील बांधाचे कोपरे, विहीर, शिवेचा दगड अशी ठिकाणे प्रत्यक्ष अक्षांश-रेखांशांशी जुळविता येतात. मग प्रत्येक गटाची सीमा रेखून ती ‘जिओजेसन’ या मजकूररूपी नमुन्यात साठविता येते. या नमुन्यात रेखांश आधी व अक्षांश नंतर लिहितात. हा क्रम चुकला तर गाव भलत्याच ठिकाणी उमटते.

निस्तार पत्रकाचा मजकूर युनिकोड देवनागरीत उतरवून प्रत्येक नोंदीस गावाचा संकेतांक व गट क्रमांक मिळून एकच खूण द्यावी. तीच खूण नकाशावरील सीमेस द्यावी. सारी सांगड या एका खुणेवर उभी असते. केवळ गावाच्या नावावर विसंबणे धोक्याचे, कारण एकाच नावाची गावे अनेक असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीफलेट’ या साधनाने असे पान तयार होते की, नोंदीवर बोट ठेवताच नकाशावर ती जागा उजळते आणि तलावावर बोट ठेवताच त्याची नोंद समोर येते. पार्श्वभूमीस २००४ पासून स्वयंसेवकांनी उभारलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जागतिक नकाशा वापरता येतो.

सलग मजकुरासाठी ‘रेकोजिटो’ हे साधन उपयोगी आहे. त्यात ग्रंथातील स्थलनामे खुणावून नकाशाशी जोडता येतात. भंडारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांच्या बाबतीत हे काम विशेष मोलाचे ठरेल, कारण १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्या ग्रंथांतील कित्येक गावे आज दुसऱ्या जिल्ह्यात मोडतात.

काही पथ्ये

असा नकाशा समजुतीसाठी आहे. मोजणीचा अधिकृत आधार भूमी अभिलेख विभागाचे अभिलेख हाच होय. जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ तलाठी दप्तरातून ताडून घ्यावा. खातेदारांची वैयक्तिक माहिती सार्वजनिक पानावर घालू नये. तयार झालेली सांगड ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि वृद्ध जाणकारांसह शिवारफेरी करून पडताळावी. गुराख्याला ठाऊक असलेली वाट यंत्राला ठाऊक नसते.

ही साधने शिकण्यास द्रव्य लागत नाही, चिकाटी लागते. गावातील शिकलेल्या तरुणांनी एक निस्तार पत्रक आणि एक नकाशा हाती घेऊन आरंभ केला, तर पूर्वजांनी लिहून ठेवलेला हक्क पुढील पिढीला केवळ वाचता येईल असे नव्हे, तर बोट ठेवून दाखविताही येईल.