झेन साधनेचा आरंभ आणि गुरूची गरज

झेन साधनेचा गाभा म्हणजे झाझेन, बसून केलेले ध्यान. त्यासाठी गुरू हवाच का, यावर जपानी आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या. १२२७ मध्ये चीनहून परतल्यावर त्यांनी झाझेनची छोटी मार्गदर्शिका लिहिली. हुशार-मंद असा भेद न करता ती सर्वांसाठी आहे. काही वर्षांनी मात्र खरा गुरू मिळत नसेल तर शिकूच नये, असे त्यांनीच बजावले. यात विरोध वाटतो; पण पहिले सांगणे बसण्याविषयी, तर दुसरे बसताना जे उमगल्यासारखे वाटते त्याविषयी, असे मानणे योग्य ठरते.

बसण्याची रीत साधी आहे. वाकळेची घट्ट घडी किंवा जाड उशी बुडाखाली घ्यावी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा उंच राहते आणि गुडघे जमिनीला टेकतात. अर्धपद्मासन जमले तर उत्तम, नाहीतर साधी मांडी चालते. रोवणीच्या दिवसांत ज्यांची कंबर धरते त्यांनी पाठ न टेकता खुर्चीवर बसावे. त्यात उणेपणा नाही. कणा ताठ, हनुवटी किंचित आत. डावा तळहात उजव्यावर, अंगठ्यांची टोके हलकेच जुळलेली. डोळे मिटायचे नाहीत. अर्धवट उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर सोडायची. डोळे मिटले की मन एकतर स्वप्नात जाते, नाहीतर झोपेत. झेनच्या सोतो पंथात भिंतीकडे तोंड करून बसतात, रिंझाई पंथात समोरासमोर.

आरंभी श्वास मोजावा. एक ते दहा, पुन्हा एक. मोजणी चुकली की चरफडायचे नाही, एकपासून सुरू करायचे. विचार थांबवण्याचा खटाटोप इथे नाही; विचार येतात, जातात, त्यांच्या मागे लागायचे नाही. सुरुवातीला वीस मिनिटे पुरेत. रोज एकाच वेळी बसणे हे एखाद्या दिवशी दोन तास बसण्यापेक्षा मोलाचे. एवढे सारे गुरूविना करता येते.

अडचण पुढे येते. प्रकाश दिसतो, अंग हलके होते, कधी जुने दुःख उफाळते, आणि साधक त्यालाच साक्षात्कार समजतो किंवा घाबरून साधना सोडतो. जपानचे बांकेई (१६२२–१६९३) एकांतात इतके कठोर बसले की आजाराने मरणाच्या दारात पोचले. त्यांना जाण झाली ती गुरूविना. तरी पडताळून घेण्यासाठी ते नागासाकीला आलेल्या दोशा या चिनी भिक्षूकडे गेले. रिंझाईतील कोआनचा, म्हणजे गुरूने दिलेल्या कोड्यांचा, अभ्यास तर गुरूशी समोरासमोर बोलण्यावरच उभा आहे; पुस्तकातून तो होत नाही. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दीर्घ बैठक करू नये.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीच्या साधकाला झेन आचार्य हाताशी नाही, पण भूमी कोरी नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) धम्मदीक्षा दिली. विहार गावोगाव आहेत आणि वर्षावासात तिथे ग्रंथवाचन होते. शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडीशी आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाशी जोडलेल्या माणसांना पहाटेचे सामुदायिक ध्यान परिचयाचे आहे. विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतात. त्यांची शिस्त उपयोगी आहे, मात्र ती पद्धत वेगळी आहे आणि तिथे इतर साधना मिसळू नये असे सांगतात. ते पाळावे, दोन पद्धतींची सरमिसळ नवशिक्याला गोंधळात टाकते. झेनसाठी जायचेच तर तमिळनाडूत कोडाईकनालजवळ पेरुमलमलई येथे जेझुइट धर्मगुरू अमा सामी यांनी स्थापलेले बोधी झेंडो आहे.

तिथे जाणे होईपर्यंत दोघा-तिघांनी मिळून विहारात ठरल्या वेळी बसायला सुरुवात करावी, आणि ध्यानात काही विलक्षण दिसले तर त्याचा अर्थ एकट्याने लावू नये.