पानगळ आणि बाबांची गोळी

(मंडळाच्या बेसिंगस्टोक येथील रविवारच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी आयटी कन्सल्टंट. दहावीनंतर बायॉलॉजीशी काडीमोड घेऊन इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. तरी आज पेशींवर बोलायला उभा आहे, कारण पुण्याला बाबांना सीएलएल, म्हणजे एक प्रकारचा ल्युकेमिया झालाय. रोज फोनवर ते प्रश्न विचारतात आणि "बाबा, मी कॉम्प्युटरवाला आहे हो" हे उत्तर त्यांना चालत नाही.

पहिला प्रश्न : "या पेशी एवढ्या साठतात कशा?" त्याचं मोठं कारण म्हणजे त्या वेळेवर मरत नाहीत. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरवून मरतात. पेशी आक्रसते, आपला डीएनए कापते, स्वतःच्याच पुड्या बांधते आणि इतर पेशी त्या गिळून टाकतात. ना सूज, ना बोभाटा. अगदी व्यवस्थित शटडाउन! १९७२ साली कर, वायली आणि करी या तिघांनी याला 'अपॉप्टोसिस' नाव दिलं. ॲबरडीनच्या एका ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवलेला हा शब्द, अर्थ पानगळ. सध्या वॉर मेमोरियल पार्कमधून जाताना रोज आठवतो. सीएलएलच्या पेशीत बीसीएल-२ नावाचं प्रथिन फार असतं, ते पान देठाला धरून ठेवतं. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकी ती पकड सोडवते.

दुसरा प्रश्न : "डोस ४०० मिलिग्रॅमचा, मग सुरुवात २० पासून का? कंजूषपणा?" २०, ५०, १००, २००, ४००, असे पाच आठवडे चढायचं. कारण नीटनेटकं मरणसुद्धा एकाच वेळी फार झालं, तर आवरणारे कमी पडतात. फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उतरतं, युरिक ॲसिड वाढतं आणि मूत्रपिंड, हृदय धोक्यात येतं. म्हणून रक्ततपासण्या आणि भरपूर पाणी. आई कालनिर्णयवर बाबांचे तांबे मोजून खुणा करते!

मला वाटायचं, मरणाचा प्रोग्रॅम हा एकच. मग वाचत गेलो. जंतू आत शिरला की काही रोगप्रतिकारक पेशी गॅसडर्मिन नावाच्या प्रथिनाने स्वतःलाच भोकं पाडून फुटतात आणि आरडाओरडा करून इतरांना बोलावतात. हा पायरोप्टोसिस. विषाणूने पानगळीची वाट अडवली, तर नेक्रॉप्टोसिस हा प्लॅन बी. न्यूट्रोफिल तर मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं जंतूंवर फेकतात. हे २००४ मध्ये कळलं.

आणि कार-टी उपचारात? २०२० मध्ये दिसलं की मारेकरी पेशींच्या एन्झाइममुळे ल्युकेमियाच्या पेशीत गॅसडर्मिन-ई तुटतं. पान गळत नाही, फटाका फुटतो. ताप चढतो, ब्लडप्रेशर उतरतं, त्यामागचं हे एक कारण. आपल्या आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार१९ला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं. हे सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, "मग पवईला जाऊ या?" ती थेरपी इतर उपचार हरलेल्या विशिष्ट रुग्णांसाठी आहे, हे समजावताना माझाच आवाज अडखळला. हरणं हा शब्द मी वापरायला नको होता.

परवा चौथा आठवडा सुरू झाला. २०० मिलिग्रॅम. रिपोर्ट ठीक आहेत. काल विचारत होते, दिवाळीत चकली चालेल का. त्याचं उत्तर मात्र आईने परस्पर देऊन टाकलं.