‘ढ’ कोणाला म्हणावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी मेंदूवर बोलायला उभी राहिले याचे कोणाला हसू आले, तर मी रागावणार नाही. जे सोसले आणि त्यातून जे कळले तेवढेच सांगते.

माझा धाकटा मुलगा तिसरीत होता. वहीवर पत्ता लिही म्हटले की ‘कामतधर, मिवंडी’ लिही. घ आणि ध, भ आणि म यांत त्याची नेहमी गल्लत. तोंडी हिशेब मात्र असा चोख, की वाण्याने मोड कमी दिली तर लगेच सांगे. शाळेत तो ‘ढ’ ठरला आणि मागच्या बाकावर गेला. पण शाळेला बोल कशाला लावू? घरी मीच त्याला मारीत होते. एका रात्री तर आळशी म्हणून उपाशी निजवला. ते आठवले की अजून घास उतरत नाही.

चौथीत त्याला नव्या बाई आल्या. त्यांनी मला बसवून समजावले. बोलणे मूल ऐकून ऐकून शिकते. वाचणे तसे नव्हे. माणसाने लिपी काढली त्याला सुमारे ५,००० वर्षे झाली. त्यामुळे वाचण्याची सोय मेंदूत जन्मतः तयार नसते. डोळ्यांना दिसलेले अक्षर आणि कानाला ऐकू आलेला उच्चार यांची गाठ मेंदूला नव्याने मारावी लागते. काही मुलांची ही गाठ फार सावकाश बसते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. मूल मंदबुद्धीचे आहे असा त्याचा अर्थ नाही. आपण तर भिवंडीकर! मागावर धागा तुटला की माग थांबवून गाठ मारतात, मागाला कोणी काठीने बडवीत नाही.

बाईंनी सांगितले, ताटात रवा पसरा, एकच अक्षर बोटाने गिरवून घ्या, मोठ्याने म्हणवून घ्या. रोज १५ मिनिटे, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून विचारा. आठवण्याची धडपड केली की शिकलेले पक्के होते. आणि झोप पुरी होऊ द्या, कारण झोपेतही मेंदू ते पक्के करीत असतो. (आमच्या गल्लीत रात्रभर मागांचा खडखडाट, झोप कुठून आणू, असे मी विचारले. त्यावर बाईही गप्प झाल्या.)

हे नवे फॅड नव्हे. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला दगड, शिंपले, पाने मुलांच्या हाती देऊनच शिकवले होते.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ही अडचण नोंदली आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ मिळतो. “दाखला काढला तर पुढे मुलीचे लग्न जमेल का?” असे मला एकीने विचारले. मी म्हटले, “बाई, आधी तिला वाचता तर येऊ दे!”

माझा मुलगा आता नववीत आहे. वाचतो हळू, पण वाचतो. पत्त्यात अजून एखादे वेळी ‘मिवंडी’ येते. मग तोच हसतो आणि खोडतो.