गाळाची साक्ष



ट्रलीच्या कालव्याकाठी आज आपण सहकुटुंब जमलो आहोत. गलबते थेट गावापर्यंत यावीत म्हणून 1846 साली हा कालवा खुला झाला. परंतु गाळाने त्याचा पिच्छा सोडला नाही. मोठी जहाजे फेनिटच्या धक्क्याकडे वळली आणि विसाव्या शतकात कालवा ओस पडला. पुढे त्याची डागडुजी झाली.

गाळ उपसला की काम संपले, असे आपणांस वाटते. वस्तुतः गाळ ही केवळ माती नव्हे. कारखान्यांतून आलेले शिसे, पारा, क्रोमियम हे धातू नाहीसे होत नाहीत. ते बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. म्हणून तपासनीस तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात. त्यातील थरांवरून केव्हा काय साचले ते उमगते. ही चौकशी न करता उपसा केला, तर निजलेले विष ढवळून निघते आणि भरतीबरोबर दूरवर पसरते.

याचा धडा याच देशात, कॉर्क बंदरातील हॉलबोलाइन बेटाने दिला आहे. तेथे 1939 पासून पोलादाचा कारखाना होता. भट्टीची मळी वर्षानुवर्षे समुद्रकिनारी टाकली गेली. 2001 साली कारखाना बंद पडला. मळी मात्र तेथेच राहिली. तिच्यात कर्करोगकारक क्रोमियम असल्याचे 2008 साली गाजले. अखेर सारी मळी उपसून अन्यत्र न नेता तिच्याभोवती संरक्षक बांध घातला, वर आच्छादन घालून माती पसरली आणि जानेवारी 2021 मध्ये तेथे सार्वजनिक उद्यान खुले झाले. खर्च मात्र जनतेच्या तिजोरीवर पडला.

पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न आपणांस नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेले 108 घडे तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले! माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळले, याला पुरावा कोणता? आणि शेण ओतल्याने ते शुद्ध झाले, याला तरी कोणता? तेथे विटाळ कल्पित होता. हॉलबोलाइनचा खरा होता. तो जन्मावरून ठरला नाही, तपासणीने ठरला. मंत्राने गेला नाही, श्रमाने आटोक्यात आला.

म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे. आपण जेथे स्थायिक झालो, तेथील नदी, खाडी, धक्का आपलाही आहे. काठावर नवी घरे वा क्रीडांगण होणार असेल, तर तळाच्या तपासणीचा अहवाल मागा. उपसलेला गाळ कोठे जाणार, हेही विचारा. कारण तो बहुधा दुबळ्यांच्याच दाराशी जातो. आपल्या पूर्वजांनी पाण्याचा हक्क मागितला. ते पाणी निर्मळ राखण्याचे कर्तव्य आपल्या मुलाबाळांच्या हाती सोपवू या.

जयभीम!