पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे

माझा आवाज नीट येतोय ना? हा प्रश्न मी सवयीने विचारतो. सैन्याच्या कोअर ऑफ सिग्नल्समध्ये नोकरी केलेला माणूस समोरच्याला ऐकू येतंय याची खात्री झाल्याशिवाय पुढचं वाक्य बोलत नाही. आजचा विषयही तोच आहे, फक्त दोन माणसांच्या जागी दोन कॉम्प्युटर आहेत, क्लायंट आणि सर्व्हर. त्यांच्यातलं सॉकेट कनेक्शन बिघडलं तर दोष कसा शोधायचा, ते बघू.

मी इंजिनिअर नाही. बीएस्सी करून सैन्यात गेलो, पुढे महूला टेलिकम्युनिकेशनचं शिक्षण झालं आणि निवृत्तीनंतर इंदुरातच राहिलो. इथल्या एका धर्मादाय दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. तिथे मी एक मोठी चूक केली. ती सांगणारच आहे, पण आधी थोडी उजळणी.

आयपी ॲड्रेस म्हणजे इमारतीचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे खोली नंबर. या दोन्हींवर जाऊन क्लायंट दार ठोठावतो. टीसीपीमध्ये ही ओळख तीन पावलांत होते. क्लायंट ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ म्हणतो, क्लायंट ‘ॲक’ म्हणतो. वायरलेसवर आम्ही हेच करायचो. ‘ऐकू येतंय का?’ ‘येतंय, तुला माझं येतंय का?’ ‘येतंय.’ मग निरोप सुरू.

आता कनेक्शन झालं नाही, तर पहिली गोष्ट म्हणजे एररचे शब्द नीट वाचा. मुलं ‘सर, कनेक्ट होत नाही’ एवढंच सांगतात. कसं होत नाही, ते महत्त्वाचं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर ती बरी बातमी समजा. तुम्ही इमारतीपर्यंत पोचलात, पण त्या खोलीत कोणी नाही. सर्व्हरवर जाऊन ‘एसएस’ किंवा ‘नेटस्टॅट’ चालवा आणि त्या पोर्टवर कोणी ऐकतंय का ते बघा. कधी कधी प्रोग्रॅम चालू असतो, पण 127.0.0.1 वर ऐकत असतो, म्हणजे फक्त घरातल्या घरात. बाहेरच्याला नकारच मिळणार. तिथे 0.0.0.0 किंवा त्या मशीनचा खरा पत्ता द्यावा लागतो.

‘टाइम आउट’ आलं तर दोष बहुधा वाटेत आहे. हाक पोचली नाही किंवा उत्तर परत आलं नाही. पत्ता चुकलाय, रस्ता नाही किंवा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतंय. लिनक्स अशा वेळी साधारण दोन मिनिटं हाका मारत राहतं आणि मग थांबतं.

‘कनेक्शन रिसेट’ म्हणजे बोलणं चालू होतं आणि कोणीतरी फोन आपटला. सर्व्हरचा प्रोग्रॅम पडला किंवा पुन्हा सुरू झाला का, ते आधी तपासा.

आणि पिंगवर विसंबू नका. पिंगला पोर्ट माहीत नसतो. पिंग चालतो आणि पोर्ट बंद असतो, किंवा पिंग अडवलेला असतो आणि पोर्ट उघडा असतो. क्लायंटवरून ‘एनसी’ किंवा ‘टेलनेट’ने थेट त्या पोर्टवरच दार ठोठावा.

या तिन्ही दोषांत निदान एरर तरी दिसते. आमच्या दवाखान्यात जे झालं, त्यात स्क्रीनवर काहीच दिसलं नाही.

औषधांचा काउंटर रस्त्याच्या एका बाजूला, सर्व्हर दुसऱ्या इमारतीत आणि मध्ये फायरवॉल. दोन्ही मशीनवर लिनक्स. एका महिन्याच्या शेवटी मोजणी केली तर इन्सुलिनच्या नऊ वायल कमी भरल्या. कॉम्प्युटर म्हणत होता, त्या दिल्याच नाहीत. फ्रीजमध्ये तर नव्हत्या. काउंटरवर एक कॉलेजचा मुलगा विनामोबदला बसायचा. मी त्याला चार लोकांसमोर विचारलं. तो म्हणाला, ‘सर, मी एंट्री केली होती. स्क्रीनवर नोंद झाली असं आलं होतं.’ मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

आमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध दिल्याची वेळ हाताने लिहायची शिस्त होती. ती माझीच शिस्त. एका रविवारी त्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बसलो. नऊच्या नऊ चिठ्ठ्या सापडल्या, त्याच मुलाच्या अक्षरात. सगळ्यांवर वेळ दुपारी तीन ते सव्वातीनच्या मधली. एक ते तीन जेवणाची सुट्टी असते. गर्दीमुळे ज्या दिवशी सुट्टीच झाली नाही, त्या दिवसाच्या नोंदी पूर्ण होत्या.

मग सोमवारी दोन्ही मशीनवर एकाच वेळी ‘टीसीपीडम्प’ लावलं. टेलिफोनची लाइन तुटली की आमचा लाइनमन असाच ठिकठिकाणी थांबून तपासत जायचा, कुठपर्यंत आवाज येतो आणि कुठून येत नाही. तीन वाजता एंट्री केली. क्लायंट तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता. सर्व्हरवर एकही पोचत नव्हतं.

कारण असं. फायरवॉल चालू कनेक्शनची यादी ठेवतं. आमचं फायरवॉल अर्धा तास काही बोलणं झालं नाही की ते नाव यादीतून खोडायचं आणि कोणालाच कळवायचं नाही. क्लायंटला वाटायचं, कनेक्शन आहे. प्रोग्रॅम ‘सेंड’ करायचा, ‘सेंड’ यशस्वी व्हायचं आणि स्क्रीनवर ‘नोंद झाली’ यायचं. पण ‘सेंड’ यशस्वी झालं याचा अर्थ एवढाच, की मजकूर आपल्याच मशीनच्या बफरमध्ये उतरला. चिठ्ठी पेटीत पडली, टपाल पोचलेलं नाही. लिनक्स आपल्या मूळ सेटिंगमध्ये साधारण 15 मिनिटं ते पॅकेट पुन्हा पाठवत राहतं आणि मग कनेक्शन सोडतं. आमचा प्रोग्रॅम तेव्हा निमूट नवं कनेक्शन जोडायचा. मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

उपाय तीन केले. पहिला, ‘कीपअलाइव्ह’. हे सॉकेटवर मागून घ्यावं लागतं, आणि लिनक्समध्ये त्याची मूळ मुदत 7200 सेकंद, म्हणजे दोन तास आहे. आमचं फायरवॉल अर्ध्या तासात विसरतं, मग दोन तासांचा काय उपयोग? आम्ही ती पाच मिनिटं केली. दुसरा, सर्व्हरने डेटाबेसमध्ये लिहून उलट उत्तर दिल्याशिवाय ‘नोंद झाली’ दाखवायचंच नाही. ठरावीक वेळात उत्तर नाही आलं तर लाल अक्षरात सांगायचं. तिसरा, प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक, म्हणजे तीच नोंद दोनदा पाठवली तरी साठा दोनदा कमी होत नाही.

यातला दुसरा उपाय सगळ्यात महत्त्वाचा. कीपअलाइव्हने कनेक्शन जिवंत आहे एवढंच कळतं. काम झालं की नाही, ते समोरच्या प्रोग्रॅमनेच सांगायला हवं. वायरलेसवर महत्त्वाचा निरोप समोरचा परत वाचून दाखवायचा, तेव्हाच आम्ही तो पोचला असं धरायचो. इतकी वर्षं हे शिकवूनही मी स्क्रीनवरच्या दोन शब्दांवर विश्वास ठेवला, आणि समोर उभं राहून सांगणाऱ्या मुलावर नाही.

त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलं, चूक माझी होती. पुढच्या आठवड्यात ज्या चार लोकांसमोर त्याला विचारलं होतं, त्यांना बोलावून त्या चिठ्ठ्या दाखवल्या. मुलगा परत आला. लाल अक्षरांचा तो कोड त्यानेच लिहिला.

तुम्ही आज एकच करा. आपल्या प्रोग्रॅममध्ये ‘झालं’ हा शब्द नेमका कुठल्या ओळीनंतर छापला जातो, ते उघडून बघा. ‘सेंड’नंतर असेल, तर तो समोरच्याच्या उत्तरानंतर न्या. आणि मग चालू कनेक्शनमध्ये मधली केबल काढून एक नोंद करून बघा. स्क्रीन काय म्हणते, ते आपल्या डोळ्यांनी पाहा.