तीनचाकी मिळाली, आता जायचं कुठं?



दिव्यांगांना तीनचाकी वाटून झाल्या, फोटोही निघाले. त्यावर बसून माणसानं जायचं कुठं, हे मात्र एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. कामाचं ठिकाणच नसेल तर ती गाडी घर ते पार एवढीच फिरणार, मागच्या पाटीवर देणाऱ्याचं नाव मिरवत.

व्यासपीठावर जिनिंगवाले आहेत, दालमिलवाले आहेत, पतसंस्थांचे अध्यक्ष आहेत. दिव्यांग हक्क कायदा सरकारपुरता आहे, असा यांचा सोयीचा समज. ४ टक्के आरक्षण सरकारी नोकरीतलं, कबूल. पण २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम २१ खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करायला लावतं. २० किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर दिव्यांगांना कोणती कामं देता येतील, निवड कशी करणार, शिकवणार कसं, संपर्क अधिकारी कोण, हे सारं त्यात लिहावं लागतं. लिहिलंय कुणी?

सरकारी साहेबांनीही हसू नये. ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ एवढ्यावर जागा दुसऱ्याला देता येत नाही. ती आधी पुढच्या वर्षात न्यावी लागते, मग दिव्यांगांच्याच इतर प्रवर्गांत शोध घ्यावा लागतो.

आणि नुसता माणूस ठेवून भागत नाही. बौद्धिक दिव्यांग मुलाला पॅकिंगवर उभं केलं आणि आठ दिवसांत ‘जमत नाही’ म्हणून घरी पाठवलं, तर त्याला शिकवलं कुणी होतं? सुरुवातीचे काही आठवडे त्याच्या शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं: कामाचे तुकडे पाडून दाखवणारं, मुकादमाला समजावणारं, कर्णबधिर कामगाराशी समोर तोंड करून बोला असं इतरांना सांगणारं. मग हळूहळू बाजूला होणारं. असा शिकलेला एक माणूस प्रत्येक तालुक्याला द्या. पैसा कुठून? ग्रामपंचायतींनी स्व-उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचेच आहेत. ते वस्तुवाटपातच का जिरावेत? गावांनी मिळून त्यातून हा पगार काढावा, आणि नियम आड येत असेल तर आमदारांनी तो बदलून आणावा. तेवढ्यासाठीच तर त्यांना पहिल्या रांगेत बसवलंय.

फक्त ही सोय बुलढाण्यात करून हात झटकू नका. घाटाखालच्या संग्रामपूर, जळगाव जामोदच्या माणसाला घाट चढायला लावणं म्हणजे त्याला नको म्हणणंच.

हे जमतं का, असं विचारणाऱ्यांनी सिंधुदुर्गात जाऊन यावं. चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ उभी केली, आणि त्याच संस्थेनं पुढं तिकडं दिव्यांगांच्या हातून काजूप्रक्रिया चालवली. कोकणात काजू, तर आपल्याकडं कापूस, तूर, सोयाबीन. माल आहे, मिली आहेत, हातही आहेत.

तेव्हा भाषण पुरे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकांनी आपल्या संपर्क अधिकाऱ्याचं नाव इथंच सांगावं. माईक मी खाली पाठवतोय.