पलटणीतून न्यायासनावर

श्रोतेहो, पलटणीतला माणूस न्यायासनावर बसला तर काय करील? मेडोज टेलर १८२४ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, निजामाच्या फौजेत दाखल झाला. कायदा तो कोणत्या विद्यालयात शिकला नाही. काम करता करताच शिकला, आणि इथल्या भाषाही. १८५३ साली नळदुर्ग त्याच्या हाती आले, तेव्हा शेतसारा वसूल करणारा तोच आणि फिर्याद ऐकणाराही तोच! ही व्यवस्था घातकच म्हणायची. साऱ्याविरुद्धची तक्रार रयतेने न्यावी कोणाकडे? पण रयतेचे गाऱ्हाणे दुभाष्यावाचून समजणारे गोरे अंमलदार त्या काळी होते तरी किती? १८५७ साली त्याला आपल्या जालन्याशेजारच्या बुलढाण्यास धाडले. हाताशी फौज नव्हती. तरी जिल्हा शांत राहिला.